गोष्टींच्या ओढीने परगावी

माणूस घर सोडून परगावी कशासाठी जातो, याची यादी केली तर ती फार लांब होत नाही. सोयरिकीसाठी जातो, बाजारहाटासाठी जातो, कोर्टाच्या तारखेला जातो. देवाला जातो, जत्रेला जातो. पण आपण वाचलेल्या गोष्टींविषयी चार माणसांशी बोलावे, एवढ्याच ओढीने कोणी चार दिवस आणि चार रात्री बसगाडीत बसून गेल्याचे तुम्ही ऐकले आहे काय? आज मी तुम्हांला अशाच काही मंडळींची हकीकत सांगणार आहे. ही मंडळी दूरची आहेत, अमेरिकेतली आणि इंग्लंडातली. परंतु त्यांच्यापुढे जी अडचण होती, तीच आपल्या गावच्या वाचनालयात एकट्याने पुस्तक घेऊन बसलेल्या मुलाचीही आहे. म्हणून तुम्ही सर्वांनी, आणि विशेषतः शिक्षक बंधुभगिनींनी, ही हकीकत ऐकावी असे मला वाटते.

ज्या गोष्टींची ही ओढ, त्या म्हणजे विज्ञानकथा. एखादा शोध लागला, किंवा पुढे लागेल असे धरले, तर माणसाच्या जगण्यात काय उलथापालथ होईल, याचा विचार करून रचलेली गोष्ट ती विज्ञानकथा. फ्रान्समध्ये ज्यूल व्हर्नने आणि इंग्लंडात एच. जी. वेल्सने अशा कादंबऱ्या आधीच लिहिल्या होत्या. पण केवळ अशाच गोष्टी छापणारे इंग्रजी मासिक अमेरिकेत निघाले ते एप्रिल १९२६ मध्ये. त्याचे नाव ‘अमेझिंग स्टोरीज’, म्हणजे चकित करणाऱ्या गोष्टी. ते काढणारे गृहस्थ ह्यूगो गर्न्सबॅक. मूळचे युरोपातल्या लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशातले, आणि अमेरिकेत येऊन रेडिओचे सामान विकणारे व रेडिओविषयी मासिके काढणारे.

पुढे अशी आणखी मासिके निघाली. कागद खरबरीत, मुखपृष्ठ भडक, आणि त्यावर अग्निबाण नाही तर परग्रहावरचा अक्राळविक्राळ प्राणी. वडीलधाऱ्या माणसांना ती मुळीच पसंत नसत. आयझॅक अ‍ॅसिमॉव्ह या पुढे फार मोठ्या झालेल्या लेखकाचीच गोष्ट पाहा. त्याच्या वडिलांचे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मिठाईचे दुकान होते, आणि त्यात मासिकेही विकायला असत. पण मुलाने ती वाचलेली वडिलांना खपत नसे. १९२९ साली, आयझॅक नऊ वर्षांचा असताना, एका नव्या मासिकाच्या नावात ‘सायन्स’ हा शब्द आला. मुलाने तो शब्द बापाला दाखवला. विज्ञान आहे म्हणजे अभ्यासाचेच असेल, असे समजून बापाने परवानगी दिली!

तर सांगायचे काय, हे वाचक ठिकठिकाणी विखुरलेले होते, आणि बहुतेक एकटे होते. वर्गातल्या सोबत्यांना चंद्रावर जाण्याच्या गोष्टी सांगितल्या तर ती पोरे हसायची. घरचे म्हणायचे, डोळे खराब होतील. मग बोलायचे कुणाशी? इथे गर्न्सबॅकने एक साधीशी गोष्ट केली. वाचकांची पत्रे तो मासिकात छापी, आणि पत्राखाली लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ता छापी. झाले! एका गावच्या मुलाने दुसऱ्या गावच्या मुलाचा पत्ता पाहिला आणि कार्ड टाकले. पत्राला पत्र येऊ लागले. १९३४ साली गर्न्सबॅकने वाचकांचा एक संघच काढला आणि गावोगावी त्याच्या शाखा निघाल्या. कुणी चार पानांची हस्तलिखितासारखी नियतकालिके काढून एकमेकांना पाठवू लागले. पण पत्रातला माणूस तो पत्रातलाच. त्याचा आवाज कसा, तो हसतो कसा, हे कुठे कळते? तेव्हा एक दिवस कुणाच्या तरी मनात आले, की आपण उठून त्याच्या गावी का जाऊ नये?

ऑक्टोबर १९३६ मध्ये न्यूयॉर्कचे काही तरुण आगगाडीत बसून फिलाडेल्फियाला गेले. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुणे म्हणा ना. तिथल्या वाचकांनी त्यांना शहर दाखवले, मग एका सभासदाच्या घरी सगळे बसले. दोन्ही गावचे मिळून डझनभर असतील. त्यांनी रीतसर अध्यक्ष निवडला, चिटणीस नेमला आणि जाहीर केले, की हे विज्ञानकथेचे पहिले अधिवेशन! त्या घरात रॉबर्ट मॅडल नावाचा सोळा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव लक्षात ठेवा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

तिकडे इंग्लंडात ३ जानेवारी १९३७ रोजी लीड्स शहरातल्या थिऑसॉफिकल हॉलमध्ये असाच मेळावा भरला. हा मात्र आधी जाहीर करून, सभागृह ठरवून भरवलेला. म्हणून पहिला मान कुणाचा, यावर दोन्ही देशांतले लोक आजही प्रेमाने भांडतात. लीड्सला पंधरा-वीसच माणसे जमली होती. पण त्यांत लंडनहून, म्हणजे तीनशे किलोमीटरांवरून आलेला एक एकोणीस वर्षांचा कारकून होता. त्याचे नाव आर्थर क्लार्क. याच क्लार्कने १९४५ साली लेख लिहून दाखवून दिले, की विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला, तर तो पृथ्वीबरोबरच फिरेल, आकाशात एका जागी स्थिर दिसेल, आणि त्याच्यामार्फत सगळ्या जगाला संदेश पोचवता येतील. पुढे ते प्रत्यक्षात आले. आज आपल्या घराच्या पत्र्यावर दूरदर्शनची जी गोल तबकडी असते, ती अशाच स्थिर उपग्रहाकडे तोंड करून बसलेली असते, बरं का!

आता त्या चार दिवसांच्या बसप्रवासाकडे येऊ.

१९३९ साली न्यूयॉर्कमध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. ‘उद्याचे जग’ हा त्याचा विषय. ते निमित्त साधून तिथल्या तरुणांनी २ ते ४ जुलै असे तीन दिवस पहिले जागतिक विज्ञानकथा अधिवेशन बोलावले. ही बातमी लॉस एंजल्सला पोचली. हे शहर अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिम किनाऱ्यावर. रस्त्याने अंतर साडेचार हजार किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारी याहूनही जास्त. तिथे रे ब्रॅडबरी नावाचा अठरा वर्षांचा मुलगा राहत होता. शाळा संपली होती, कॉलेजला घालण्याची घरची ऐपत नव्हती. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून तो वर्तमानपत्रे विकी, आणि सार्वजनिक वाचनालयात बसून वाची. लेखक व्हायचे मनात होते. पण एकाही गोष्टीचा एक पैसा हाती आला नव्हता. त्याने न्यूयॉर्कला जायचे कसे?

त्याच्याच मंडळातला फॉरेस्ट अ‍ॅकरमन हा त्याच्यापेक्षा थोडा मोठा. त्याने ब्रॅडबरीला पैसे उसने दिले. त्या पैशावर ब्रॅडबरी ग्रेहाउंड कंपनीच्या बसमध्ये बसला आणि चार दिवस चार रात्री प्रवास करून न्यूयॉर्कला उतरला. उतरण्याची जागा साधीच, वाय. एम. सी. ए. चे वसतिगृह. आणि सामानात त्याने काय नेले होते? आपल्या एका गरीब चित्रकार मित्राची चित्रे. हॅनेस बोक हे त्या मित्राचे नाव. त्याला स्वतःला जाणे जमण्यासारखे नव्हते. ब्रॅडबरीने ती चित्रे काखेत मारून संपादकांच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. ‘विअर्ड टेल्स’ मासिकाच्या संपादकांनी ती पाहिली आणि पसंत केली. त्याच वर्षी डिसेंबरच्या अंकाच्या मुखपृष्ठावर बोकचे चित्र झळकले. ब्रॅडबरीचे स्वतःचे लिखाण विकले जायला त्यानंतर आणखी दोन वर्षे गेली. पुढे १९५३ साली त्याने ‘फॅरनहाइट ४५१’ ही पुस्तके जाळणाऱ्या राज्याची कादंबरी लिहिली आणि ती जगभर गाजली. पण त्या जुलै महिन्यात तो उसन्या पैशावर आलेला एक वाचकच होता, आणि येताना दुसऱ्याचे काम घेऊन आला होता.

अ‍ॅकरमन स्वतः आगगाडीने आला. त्याच्याबरोबर त्याची मैत्रीण मर्टल डग्लस होती. मंडळीत तिला मोरोजो म्हणत. तिने दोघांसाठी भविष्यकाळातले म्हणून खास कपडे शिवले होते. वेल्सच्या कथेवरचा चित्रपट आणि मासिकांतली चित्रे पाहून बेतलेले. ते घालून दोघे अधिवेशनात हिंडली. तीनशे लोकांच्या लग्नात एकट्यानेच राजाचा पोशाख करून जावे, तसाच हा प्रकार. पण पुढच्या वर्षी शिकागोच्या अधिवेशनाला अनेकांनी सोंगे आणली, आणि ती प्रथाच पडली. आज जगभर मोठमोठ्या मेळाव्यांत तरुण मुले आवडत्या पात्रांचे वेष करून मिरवतात, त्याची सुरुवात तिथली मानतात.

तीन दिवसांत सुमारे दोनशे माणसे आली. सन्मानाचे पाहुणे होते फ्रँक पॉल, मासिकांची मुखपृष्ठे रंगवणारे चित्रकार. हे सगळे गोड झाले. पण श्रोतेहो, एक गोष्ट कडूही झाली, आणि ती सांगितल्याशिवाय हकीकत पुरी होणार नाही.

न्यूयॉर्कच्या या तरुणांत दोन तट होते. असतातच! दोन माणसे एका कामात पडली की तीन मते होतात. अधिवेशन भरवणाऱ्यांना भीती वाटली, की विरुद्ध तटातले लोक येऊन आपल्या राजकीय मतांची पत्रके वाटतील आणि सभा उधळतील. म्हणून त्यांनी सहा जणांना दारातच अडवले. त्यांत डोनाल्ड वॉलहाइम आणि फ्रेडरिक पोल होते. फिलाडेल्फियाला जाणाऱ्या त्या पहिल्या आगगाडीत हे दोघेही बसले होते! सिरिल कॉर्नब्लुथ तर जेमतेम सोळा वर्षांचा होता. त्यांच्याच गटातला अ‍ॅसिमॉव्ह आत शिरला, कारण त्याला कुणी अडवले नाही. पण मित्र बाहेर आणि आपण आत, हे त्याला पुढे कायम बोचत राहिले. विचार करा. ज्यांनी आयुष्यभर वर्गातल्या मुलांचे हसणे सोसले, तेच आपल्यासारख्या दुसऱ्यांना दार लावून मोकळे झाले. एकटेपण भोगलेला माणूस दुसऱ्याचे एकटेपण ओळखेलच, असे नाही.

पण ही गोष्ट तिथेच थांबली नाही. दार लागलेले ते लोक घरी जाऊन रुसून बसले नाहीत. ते लिहीत राहिले, मासिके चालवीत राहिले, ग्रंथ प्रकाशित करीत राहिले. १९७२ च्या जागतिक अधिवेशनात फ्रेडरिक पोल सन्मानाचे पाहुणे होते, आणि १९८८ च्या अधिवेशनात डोनाल्ड वॉलहाइम. दारातून परतलेल्याला मंचावर बसवायला पहिल्या वेळी ३३ वर्षे लागली आणि दुसऱ्या वेळी ४९.

आता पैशाचा प्रश्न. ब्रॅडबरीला अ‍ॅकरमन भेटला. सगळ्यांनाच कसा भेटेल? महायुद्धात, १९४२ ते १९४५, अधिवेशने बंद होती. युद्ध संपल्यावर ती पुन्हा सुरू झाली. पण इंग्लंडातल्या वाचकाला अमेरिकेला जायचे म्हणजे अटलांटिक महासागर ओलांडायचा, आणि त्या काळी त्याच्या खिशात ते भाडे नव्हते. तेव्हा या लोकांनी आपण गावात करतो तेच केले. काय केले? वर्गणी काढली! तिकडे थट्टेने अटलांटिकला मोठे तळे म्हणतात, म्हणून फंडाचे नाव ‘मोठ्या तळ्याचा फंड’. त्या पैशातून टेड कार्नेल या लंडनच्या संपादकाला १९४९ साली सिनसिनाटीच्या अधिवेशनाला नेले. १९५२ साली बेलफास्टच्या वॉल्टर विलिस यांना अशीच वर्गणी काढून शिकागोला बोलावले. विलिस हे सरकारी नोकर. घरच्या लहानशा छापयंत्रावर एकेक खिळा हाताने जुळवून नियतकालिक काढीत. ते इतके खुसखुशीत असे, की ज्यांनी त्यांना कधी पाहिले नव्हते त्यांनीच प्रवासखर्च उभा केला.

पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, या वर्गणीला कायमचे रूप दिले गेले. अटलांटिकच्या अलीकडून एकदा आणि पलीकडून एकदा, अशा पाळीने एक वाचक निवडायचा आणि दुसऱ्या काठावरच्या अधिवेशनाला पाठवायचा. या फंडाचे नियम मला फार शहाणपणाचे वाटतात. पहिला नियम, जाणारा माणूस मताने निवडायचा, आणि मत देणाऱ्याने मताबरोबर थोडी वर्गणी द्यायची. दुसरा, उमेदवाराला दोन्ही काठांवरच्या लोकांनी सुचवलेले असले पाहिजे. नुसता आपल्या आळीचा लाडका असून भागत नाही. तिसरा, जो जाऊन येईल त्याने प्रवासाची हकीकत लिहून सर्वांना द्यायची. आणि चौथा, परत आल्यावर फंडाचे काम त्यानेच पाहायचे, पुढच्याला पाठवायची व्यवस्था त्याने करायची. म्हणजे आज ज्याला पाठवले, तोच उद्या पाठवणारा!

१९५७ साली जागतिक अधिवेशन प्रथमच उत्तर अमेरिकेबाहेर, लंडनला भरले. त्याचे अध्यक्ष कोण, तर टेड कार्नेल. आठ वर्षांपूर्वी वर्गणीवर गेलेला पाहुणा आता यजमान झाला होता. आणि त्या वर्षी फंडाच्या खर्चाने अमेरिकेतून लंडनला कोण आला? तोच रॉबर्ट मॅडल. फिलाडेल्फियाच्या घरात बसलेला सोळा वर्षांचा मुलगा. १९७२ पासून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि उत्तर अमेरिका यांच्यामध्येही असाच फंड चालू झाला.

आज हे अधिवेशन मोठे झाले आहे. १९८४ साली लॉस एंजल्सला आठ हजारांवर लोक होते. २००७ साली ते जपानात योकोहामाला भरले, आशिया खंडात प्रथमच. पण दोन गोष्टी बदलल्या नाहीत. एक, तिथे तिकीट काढून कोणी तमाशाला येत नाही; सभासद व्हायचे, आणि मग वर्षातली उत्तम कथा कोणती आणि पुढचे अधिवेशन कोणत्या गावी, यावर मत द्यायचे. दुसरे, सतरंज्या घालण्यापासून हिशेबापर्यंत कामे हौशी माणसेच करतात, पगारी नव्हेत.

२०२० साली मात्र साथीच्या रोगाने सगळ्यांना घरी बसवले. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनचे अधिवेशन त्या वर्षी संगणकाच्या पडद्यावरच झाले. ज्यांना एरवी कधीच जाता आले नसते, त्यांना घरबसल्या भाषणे ऐकता आली, हा लाभ खराच. पण भाषण संपल्यावर दाराशी रेंगाळून जे बोलणे होते, एकाच खोलीत चौघे झोपल्यावर दिवा मालवून जे बोलणे होते, ते पडद्यावर कुठून आणणार?

तुम्ही म्हणाल, ‘अहो, हे सगळे साहेबाच्या देशातले. आमचे काय?’ आपल्याकडेही त्याची नाळ आहे. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिची अधिवेशने वेगवेगळ्या गावी भरतात आणि माणसे तिथे प्रवास करून जातात. याच परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली. १९७४ साली त्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. कथेला पहिले बक्षीस मिळाले, आणि मग उलगडा झाला, की हे जगताप म्हणजे प्रख्यात शास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर! आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. मोठ्या नावाचा वशिला त्यांना नको होता. रांगेत इतरांसारखे उभे राहायचे होते. २०२५ साली ते गेले. पण त्यांच्या मागे मराठीत विज्ञानकथेचा एक वाचकवर्ग उभा आहे, आणि त्यातले पुष्कळ जण खेड्यापाड्यांत आहेत.

आता शिक्षकांना एक विनंती. तुमच्या वर्गात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, जी मधल्या सुट्टीतही पुस्तक सोडत नाही, ताऱ्यांविषयी, यंत्रांविषयी भलतेसलते प्रश्न विचारते, आणि म्हणून इतर मुले तिला ‘शास्त्रज्ञीणबाई’ म्हणून चिडवतात. जिल्ह्याच्या गावी विज्ञान प्रदर्शन असते, कुठे विज्ञान परिषदेचे अधिवेशन असते, कुठे साहित्याचा मेळावा असतो. तिथे जायला एस. टी. चे भाडे आणि दोन दिवसांचा शिधा लागतो. देवळाच्या कळसाला गाव वर्गणी काढते. मग एका पोरीच्या भाड्याला काढायला काय हरकत आहे? वर्गातल्या मुलांनीच रुपया-दोन रुपये द्यावेत, आणि कुणाला पाठवायचे ते त्यांनीच मताने ठरवावे. गावातली एखादी बाई किंवा शिक्षक सोबतीला जावा. निघताना इतरांनी आपले प्रश्न, आपली चित्रे, आपली छोटी यंत्रे तिच्याजवळ द्यावीत, जशी ब्रॅडबरीजवळ बोकची चित्रे होती. आणि ती परत आली की सगळ्या शाळेपुढे तिला उभे करून सांगायला लावावे: काय पाहिले, कोण भेटले, कुणाचा पत्ता आणला. पुढच्या वर्षीच्या वर्गणीची पेटी मग तिच्या हाती द्यावी.

एवढी मात्र काळजी घ्या. निवड करताना कुणाला दार लावू नका. फीचे पैसे थकले म्हणून, वरच्या आळीचा की खालच्या आळीचा म्हणून, किंवा प्रश्न जरा उद्धटपणे विचारतो म्हणून कुणाचे नाव गाळू नका. लागलेले दार उघडायला किती वर्षे जातात, ते आपण आताच पाहिले.

आणि गावातल्या वडीलधाऱ्यांनो, तुमचे पोर उद्या म्हणाले, ‘बाबा, मला परगावी जायचंय, तिथं गोष्टी वाचणारी माणसं जमणार आहेत,’ तर एकदम नाही म्हणू नका. कुणाबरोबर जाणार, कुठे उतरणार, परत कधी येणार, हे सगळे नीट विचारा. मग शिदोरी बांधून द्या, आणि आल्यावर ऐकायला वेळ काढा.